तिसऱ्या पायाखाली

भांडं कामवाल्या शांतीच्या हातून निसटलं, ओट्याच्या कडेवर आपटलं आणि गडगडत फ्रिजखाली जाऊन अडकलं. आवाज काही फार मोठा नव्हता. शेजारच्या फ्लॅटमध्ये मिक्सर चालू असता तर ऐकूही आला नसता. पण हॉलमध्ये खोक्यांवर नावं लिहीत बसलेल्या एलिजा आपटेकरच्या हातातला मार्कर थांबला. पितळ फरशीवर पडलं की कसं वाजतं, भरलेलं कसं आणि रिकामं कसं, हे त्याला सत्त्याहत्तराव्या वर्षी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. चौतीस वर्षं दुसरं केलं काय होतं त्याने? हा आवाज मात्र दोन्हींतला नव्हता. काहीतरी सुटल्याचा होता.

"मी नाय पाडला, काका," आतून शांतीने आधीच जाहीर करून टाकलं. "तोच निसटला. आन् एक पाय पन तुटला बगा त्याचा."

अकरा दिवसांनी एलिजा पनवेल सोडणार होता. रोनेन, त्याचा मुलगा, तिकडे परदेशात, अश्दोदला वीस वर्षं स्थिरावलेला. एलिजाची बायको एलिशेबा वारल्यावर त्याने बापाच्या मागे टुमणं लावलं होतं आणि शेवटी बाप 'हो' म्हणाला होता. आज सकाळीच फोनवर सामानाची चर्चा झाली. "पप्पा, ते पितळेचं भांडं नको हं. विमानतळावर कोण समजावत बसणार? आणि समजावणार तरी काय, आजोबांचं आफ्रिका?" असं म्हणून रोनेन हसला होता. एलिजाही हसला होता. त्यांच्या घरात 'आफ्रिका' म्हणजे थाप. कोणी जरा वाढवून सांगायला लागलं की बाकीचे विचारायचे, "हे खरं की आफ्रिका?" नात शिरा, जिला मराठी चार वाक्यांपलीकडे येत नाही, तिलासुद्धा हा शब्द येतो. पन्नास वर्षांपूर्वी तो घरात कोणी आणला, हे मात्र तिला कोणी सांगितलेलं नाही.

ते भांडं म्हणजे मुळात भांडं नव्हतंच. जर्मन तोफेच्या गोळ्यामागे दारू भरायचं ते पितळी नळकांडं. एलिजाने जन्मभर नोकरी केली त्या दारूगोळ्याच्या डेपोत त्याला केस म्हणत. गोळा उडून जातो, केस मागे राहते. उंची वीतभरही नाही, पण तोंड चांगलं रुंद. एलिजाच्या बाबांनी, आपटेकर हवालदारांनी, महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटातून ते आणलं, असं ते सांगत. बेचाळीस सालच्या शेवटी पायात लोखंडाचा तुकडा घेऊन ते घरी परतले ते हे पिशवीत घालूनच. आईने पनवेलच्या तांबटाकडून त्याला खाली तीन पाय डाकून घेतले, तळाच्या मधल्या भोकावर चकती बसवली, आतून कल्हई केली आणि त्यात मनुका भिजवायला सुरुवात केली. आपटेकरांसारख्या ज्यू घरांत शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या प्रार्थनेला द्राक्षाच्या दारूऐवजी काळ्या मनुकांचं सरबत लागतं, ते गुरुवारपासून यात मुरायचं. आळीतल्या आगरी बायका विचारायच्या, हे कसलं भांडं? बाबा छाती पुढे काढून म्हणायचे, "जर्मनाची तोफ आहे, तिच्यात आमच्या मनुका भिजतात!" आणि मशिदीत, म्हणजे त्यांच्या सिनेगॉगमध्ये, कोणी नवा पाहुणा आला की त्याला घरी ओढून आणून सरबत पाजायचे. सरबतामागून गोष्ट यायची, तिच्यातून सुटका नसे.

एलिजा गुडघ्यावर हात ठेवून खाली बसला आणि फ्रिजखालून त्याने भांडं ओढलं. तळ वर केला. तळ वर करायची कृती त्याचे हात आयुष्यभर करत आले होते, तरी या एका भांड्याच्या बाबतीत बावन्न वर्षांत ती त्यांनी केली नव्हती. घासायचं काम आधी आईचं, मग एलिशेबाचं, मग शांतीचं. तिसरा पाय मुळापासून निघाला होता. मधली चकतीही एका बाजूने उचकटली होती. आणि पायाखालचा पितळेचा तुकडा, ऐंशी वर्षं हवा न लागल्यामुळे, लग्नातल्या भांड्यासारखा पिवळा धमक होता. त्यावर चार आकडे ठोकलेले. एक, नऊ, चार, शून्य.

त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. आकडे तेच राहिले.

"काका, पानी देऊ काय?" शांती घाबरली होती. "तुमचा तोंड असा का झाला? डाकून आनते ना मी. बाजारात एक हाय अजून डाक लावनारा."

"डाकू नकोस," एलिजा म्हणाला. "पिशवी दे. मी करंज्याला जाऊन येतो."

उरणच्या एसटीत त्याला खिडकी मिळाली. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत भांडं, खिशात तुटलेला पाय. एके काळी या रस्त्याला दोन्ही बाजूंना भातखाचरं आणि मिठागरं होती. सकाळच्या पहिल्या पाळीला जाताना डोळे दिपायचे. आता कंटेनरच्या भिंती उभ्या होत्या आणि बस त्यांच्यामधून वाट काढत रखडत होती. एलिजालाही पोचायची घाई नव्हती. मनाने तो पुन्हा चोवीस वर्षांचा होता. उरणच्या बाजूच्या त्या दारूगोळ्याच्या डेपोत, सगळ्यात शेवटी, तारेच्या कुंपणाला लागून एक पत्र्याची शेड होती. तिला 'अनोळखी' म्हणत. महायुद्धात शत्रूकडून हाती लागलेले गोळे तेव्हा अभ्यासाला म्हणून बोटीने इकडे पाठवले होते. अभ्यास करणारे साहेब विलायतेला गेले, कागद वाळवीने खाल्ले, गोळे उरले. कुठला जर्मन, कुठला इटालियन, कुठला जिवंत आणि कुठला मेलेला, कोणालाच ठाऊक नाही. ते ओळखून एकेकाची गत लावायचं काम दादूकडे होतं आणि दादूच्या हाताखाली एलिजाला दिलं गेलं. दादू करंज्याचा कोळी. शिक्षण सातवी. पण जाळ्यात आलेली मासळी चाचपून नाव सांगणाऱ्या घरातला माणूस. तो डोळ्यांवर रुमाल बांधून गोळ्याभोवतीच्या तांब्याच्या पट्ट्यावरून बोट फिरवायचा आणि माप सांगायचा.

शेडचा एक नियम होता. तो कुठल्याही छापील पुस्तकात नव्हता, दादूचा होता. गोळा दोघांनी बघायचा, पण वेगवेगळा. बघताना बोलायचं नाही, एकमेकांच्या तोंडाकडेही बघायचं नाही. दोन कोपऱ्यांत जाऊन आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं, घडी घालायची, मग तिसऱ्याने दोन्ही उघडायच्या. जुळल्या तर ओळख पटली. नाही जुळल्या तर गोळा परत रांगेत. "दिसतं तेवढंच लिव," दादू सांगायचा. "गंजाखाली, रंगाखाली काय आसंल त्याचा अंदाज लिवू नको. झाकल्यालं हाय तं 'ओळख नाय' लिवून मोकला हो. त्याची लाज नाय. हात गेल्यावर लाज वाटून काय उपेग?" दादूच्या डाव्या हाताला करंगळी नव्हती. ती कशी गेली हे त्याने कधी सांगितलं नाही आणि एलिजाने विचारलं नाही. त्या शेडमध्ये उन्हाळ्यात पत्रा तापायचा, ग्रीसचा आणि खाडीचा मिळून एक वास यायचा, दुपारी दादूच्या डब्यातला सुका बोंबील आणि एलिजाच्या डब्यातली वालाची बिरडी अदलाबदल व्हायची. इतकं सुख पुढे कुठल्या खुर्चीत मिळालं नाही. आता बसमध्ये त्याला तो वास इतका लख्ख आला की त्याने शेजारच्या बाईकडे बघितलं. तिच्या पाटीत खरंच सुके बोंबील होते.

आणि बहात्तर सालचा तो मलिदा. एलिजाची नोकरी पक्की झाली म्हणून बाबांनी एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचा नवस फेडला होता. मोठ्या ताटात गोड पोह्यांचा डोंगर, वर खोबरं, भोवती पाच फळं, गुलाबाच्या पाकळ्या, आणि सगळी आळी घरात. दादूही आला होता, पांढरा शर्ट घालून, अवघडून भिंतीशी बसला होता. प्रार्थना झाली, मलिदा वाटला, सरबत फिरलं, आणि बाबांनी गोष्ट सुरू केली. जर्मन तोफखाना माघार घेऊन गेला होता, त्यांच्या जागेवर ही केस सापडली. सहा माणसं, पाण्याची टंचाई, संध्याकाळचं पाणी सहा जणांत एवढं एक भांडंभर. तळाला भोक, त्यात बाबांनी साबण आणि चिंधी कोंबलेली. "पाण्याला साबणाची चव लागायची, पण अमृत हो! मापणारा मी. आणि मापणाऱ्याने प्यायचं सगळ्यांच्या शेवटी, हा आमचा कायदा." एलिजाला ती गोष्ट पाठ होती. त्याला वाटलं, आज गंमत करू. आपण काय शिकलो ते लोकांना दिसू दे. "बाबा, थांबा," तो म्हणाला, "मी आणि दादू ओळखतो. चिठ्ठी टाकून." लोक खूश. सगळ्यांत खूश बाबा. त्यांनीच भांडं कोरडं पुसून त्याच्या हातात दिलं. "घे, घे परीक्षा! सरकारने पगार उगाच नाही दिला."

दोन कोपरे. दोन चिठ्ठ्या. बाबांनी स्वतः उघडल्या, चष्मा नाकावर चढवून, प्रार्थना वाचल्यासारख्या मोठ्याने. पहिली दादूची: ओळख नाही. हशा झाला. दादू मान खाली घालून बसला. मग एलिजाची. "जर्मन. साडेदहा सेंटिमीटरची हलकी तोफ. नमुना सहा तीन चार दोन." बाबांचा आवाज अभिमानाने चढत गेला होता. "साल… एकोणीसशे चव्वेचाळीस." आणि आवाज तिथेच थांबला. तळावर सुटा चव्वेचाळीसचा आकडा एलिजाने स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता आणि सालाशिवाय तो दुसरं काय असणार, असं त्याला वाटलं होतं. लिहिताना त्याच्या मनात बाबा परत कधी आले हा हिशोबच आला नव्हता. तो हिशोब एका चुलतभावाने केला. "काका, तुम्ही तर बेचाळीसला घरी आलात! मग हे काय जर्मनाने पोस्टाने पाठवलं?" घर कोसळल्यासारखं हसलं. कोणीतरी म्हणालं, साबणसुद्धा चोरबाजारातलाच असेल. बाबाही हसले. त्यांनी चिठ्ठीची घडी घालून वरच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "असेल बाबा. असेल. ते तुझं खातं आहे."

त्यानंतर बाबांनी आफ्रिकेचं नाव काढलं नाही. पाहुणे येत, सरबत पीत, आणि गोष्टीवाचून घरी जात. त्यांनी रागावून भांडायला हवं होतं, असं एलिजाला पुढे कितीदा वाटलं. पण त्यांनी स्वतःच्या आठवणीपेक्षा मुलाच्या शिक्षणावर विश्वास ठेवला. एकदा, वर्ष-दोन वर्षांनी, दाढी करता करता आरशातूनच त्यांनी विचारलं होतं, "एली, चव्वेचाळीसच ना रे?" आणि तो बुटाची नाडी बांधत म्हणाला होता, "हो, बाबा." "मग ते दुसरं असेल," ते म्हणाले. "कुठेतरी बदललं असेल. मला वाटायचं तेच आहे." त्यांनी गाल पुसला. चौऱ्याऐंशी साली ते गेले तेव्हा त्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात ती चिठ्ठी सापडली, एलिजाच्या अक्षरातली, जपून ठेवलेली. मुलाने दिलेली पहिली ओळख म्हणून ठेवली असावी. एलिजाने ती पुस्तकातच राहू दिली.

खरं म्हणजे कुठेतरी त्याला माहीत होतं. तीन-चार वर्षांत त्याच्या हातून शेकड्यांनी जर्मन केसेस गेल्या. साल पूर्ण चार आकड्यांत असायचं आणि सुटे दोन-तीन आकडे असत ते लॉटचे, घाणा बदलला की बदलणारे. ज्या दिवशी हे डोक्यात लख्ख झालं त्या संध्याकाळी तो घरी येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला होता. भांडं फळीवर होतं. त्यात मनुका भिजत होत्या. उलटं केलं तर सांडतील, उद्या बघू, असं तो स्वतःशी म्हणाला. तो उद्या शांतीच्या हातून आज पडला. आणि दादूच्या चिठ्ठीबद्दल तर त्याने वेगळाच निकाल देऊन टाकला होता. डोळे बांधून गोळे ओळखणारा माणूस 'ओळख नाही' लिहितो म्हणजे काय? भल्या माणसाने म्हाताऱ्याची थाप झाकली. दादूची दया आठवून एलिजाला वर्षानुवर्षं गहिवरून यायचं, आणि त्या गहिवराच्या आड तो आरामात बसून राहिला होता.

करंज्याला दादूच्या दारात मांदेली वाळत घातली होती. दादू नव्वदीला टेकलेला; साखरेने दोन्ही डोळे नेले होते. पडवीत खाटेवर बसून तो नायलॉनचं जाळं बोटांनी चाचपत होता. सुनेने, विनिताने, आत बोलावलं तेवढ्यात त्याने मान उचलली.

"कोन रं?"

"एलिजा. पनवेलचा."

"आवाज म्हातारा झाला तुजा," दादू म्हणाला. "बस. विनिता, चाय ठेव. तू परदेशी चाललास म्हन. भेटाया आलास काय?"

"हो. आणि हे दाखवायला आलो." एलिजाने भांडं खाटेवर ठेवलं. "आमच्या घरातलं. मलिद्याच्या दिवशी बघितलं होतंत, आठवतं? याचा एक पाय तुटला, दादू. खाली…"

"गप!" दादू एवढ्या जोरात ओरडला की विनिता बाहेर आली. "सांगतोस काय? नेम इसरलास? आदी तुजी चिठ्ठी लिव. घडी घाल. मंग मना दे."

विनिताने कॅलेंडरचं जुनं पान फाडून दोन तुकडे केले. सत्त्याहत्तर वर्षांचा एलिजा पडवीच्या कोपऱ्यात तोंड फिरवून उभा राहिला आणि भिंतीवर कागद धरून त्याने लिहिलं. दादूने भांडं मांडीवर घेऊन उलटं केलं. चार बोटांचा हात तळावरून फिरला, पायांना वळसा घालून आला, मोकळ्या जागेवर थांबला. पुन्हा फिरला. मग त्याने विनिताला जवळ बोलावून तिच्या कानात सांगितलं आणि तिने ते लिहिलं. दोन्ही चिठ्ठ्या तिनेच उघडल्या.

"जर्मन. नमुना सहा तीन चार दोन. लॉट चव्वेचाळीस. साल एकोनीसशे चाळीस," तिने वाचलं. मग दुसरी. "सेम हाय, बाबा. दोगांचा सेम."

"मंग पटली ओलख," दादू म्हणाला आणि भांडं थोपटलं. "चालीसचं हाय. तुजा बापूस खरा बोलला."

एलिजाने आपल्या चिठ्ठीची घडी घालून ती खिशात ठेवली. "दादू, त्या दिवशी तुम्ही बाबांची लाज राखलीत. 'ओळख नाही' लिहिलंत. मी कधी बोललो नाही, पण मी ते विसरलो नव्हतो."

"लाज राखली? मी?" दादूचे विझलेले डोळे आवाजाच्या दिशेने वळले. "तीन पाय डाकल्याले व्हते त्याला. पायाखाली काय हाय ते मना दिसत व्हतं काय? झाकल्यालं लिवायचा नाय, म्हनून ओलख नाय लिवलं. खरा व्हतं ते." मग त्याचा आवाज खाली आला. "तू साल लिवलास, मना वाटला तुज्या घरचा भांडा, पाय कवा लावले मना काय ठावं, त्याच्या आदी बगितला आसशील. म्हनून गप बसलो. आन् तू पन्नास वरसं काय समजलास? दादून खोटी चिठ्ठी लिवली?"

"हो," एलिजा म्हणाला.

"माजी चिठ्ठी खोटी," दादू पुटपुटला. "वा रं वा." त्याने जाळं पुन्हा हातात घेतलं, ठेवलं. एलिजाने खाटेच्या कडेला टेकून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. एका चिठ्ठीने त्याने बापाला खोटं ठरवलं होतं आणि दुसरीचं कौतुक करता करता गुरूला. रडावं असं त्याला फार वाटलं आणि तो रडलाही, तिथेच, वाळत्या मांदेलीच्या वासात, विनितासमोर. दादूने त्याला रडू दिलं. मग आपल्या चार बोटांनी त्याचा हात दाबला. "जाऊ दे. लेकरू व्हतास. आता बापाला सांगाया गेलास तं तो हाय कुटं? पोराला सांग. पोर तं हाय ना?"

एलिजाने फोन काढला. रोनेन कामावर असणार, उचलणार नाही. त्याने आवाज रेकॉर्ड केला. "रोनेन, पप्पा बोलतोय. भांड्यावर साल चाळीस आहे. मी चुकीचं वाचलं होतं. तुझे आजोबा खरं बोलत होते, थाप माझी होती. तो शब्द आता घरात वापरायचा नाही. शिरालाही सांग. आणि भांडं मी हातात धरून आणणार आहे, विमानतळावर काय समजवायचं ते माझं खातं." बटण सोडलं आणि त्याच्या घशाला कोरड पडल्याचं त्याला कळलं.

"पाणी मिळेल का गं?" त्याने विनिताला विचारलं. ती तांब्या घेऊन आली तेव्हा त्याने पेल्याऐवजी भांडं पुढे केलं. ती हसली, तरी तिने ओतलं. उचकटलेल्या चकतीतून लगेच धार लागली आणि त्याची विजार भिजली.

"गलतं ना?" दादू ऐकून म्हणाला. "तुजा बापूस काय लावायचा त्याला?"

विनिताने मोरीतून साबणाची वडी आणि जुन्या लुगड्याची चिंधी आणली. एलिजाने चकती उपटून काढली, वडीचा तुकडा मळून चिंधीत घेतला आणि बापाने तळाच्या ज्या भोकात कोंबला होता त्याच भोकात अंगठ्याने घट्ट बसवला. विनिताने पुन्हा ओतलं. तिघंही ऐकत राहिले. एक थेंबही पडला नाही.

आधी दादू प्याला. मग विनिताला प्यावं लागलं; तिने तोंड वाकडं केलं आणि पदराने पुसलं. तळाशी चार घोट उरले तेव्हा एलिजाने भांडं दोन्ही हातांनी तोंडाला लावलं. पाण्याला साबणाची चव होती.